आतड्याचा कॅन्सर आणि पुढे आलेला डोळा : वाचकांचे प्रश्न

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरला तर बहुतेक वेळा यकृतात किंवा फुप्फुसात पसरतो. डोळ्याच्या खोबणीत तो फार क्वचित जातो. क्वचित असल्यामुळेच ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही आणि महत्त्वाचे आठवडे हातचे जातात. या विषयावर आलेल्या निवडक पत्रांना नेत्रशल्यविशारद आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर किमोच्या १२ सायकल झाल्या. गेल्या तीन आठवड्यांत उजवा डोळा पुढे आल्यासारखा दिसतोय. वर बघितलं की दोन-दोन दिसतं. जवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी समजून थेंब दिले. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आहे. हे कॅन्सरमुळे असू शकतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : असू शकतं. म्हणूनच थेंब घालत वाट बघू नका, याच आठवड्यात वडिलांना खोबणीच्या आजारांचा अनुभव असलेल्या नेत्रतज्ज्ञांकडे न्या. अ‍ॅलर्जीत डोळा खाजतो, लाल होतो, पाणी येतं. पण तो पुढे येत नाही आणि दोन-दोनही दिसत नाही.

प्रौढ माणसाचा डोळा पुढे येण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण थायरॉइडशी जोडलेला डोळ्यांचा आजार हेच आहे, आणि तो एकाच डोळ्यालाही होतो. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी तो पूर्णपणे बाद होत नाही. पण त्यात वरची पापणी वर खेचली जाते आणि डोळा टक लावून पाहिल्यासारखा दिसतो. खोबणीत गाठ असेल तर पापणी बहुधा खाली ओघळते, डोळा एका बाजूला ढकलला जातो, आत दुखतं. सगळ्यांत बोलका असतो तो वेग. साध्या गाठी वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. कॅन्सर पसरून आलेली गाठ काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत जाणवण्याइतकी होते.

जाण्याआधी घरी तीन गोष्टी बघून ठेवा. वडिलांना खुर्चीत बसवून मान मागे टाकायला सांगा, मागे उभे राहून कपाळावरून खाली बघा आणि दोन्ही डोळ्यांचा उंचवटा सारखा आहे का ते पाहा. वर्षभरापूर्वीचा एखादा समोरून काढलेला फोटो सोबत घ्या. दुसरं, एकेक डोळा झाकून बघायला सांगा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर दोष डोळे फिरवणाऱ्या स्नायूंत किंवा नसांत आहे. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर मोतीबिंदू किंवा चष्म्याच्या नंबरचा संबंध जास्त. तिसरं, कुंकवाच्या डबीसारखी लालभडक वस्तू एकेका डोळ्याने बघायला सांगा. आजारी डोळ्याला लाल रंग फिका, विटकरी दिसला तर डोळ्याच्या मुख्य नसेवर दाब येत असण्याची शक्यता आहे, आणि मग त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नेत्रतज्ज्ञ दृष्टी, रंगज्ञान, बाहुलीचा उजेडाला प्रतिसाद आणि डोळ्याचा मागचा पडदा तपासतील. डोळा किती पुढे आलाय ते हर्टेल नावाच्या उपकरणाने मिलिमीटरमध्ये मोजतात. दोन डोळ्यांत २ मिलिमीटर किंवा जास्त फरक असला तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. त्यानंतर खोबणीचा एमआरआय, तोही कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून टोचायचं औषध) देऊन आणि चरबीचा पांढरेपणा दाबणाऱ्या पद्धतीने. खोबण चरबीने भरलेली असते, त्यामुळे साध्या एमआरआयमध्ये छोटी गाठ त्या पांढऱ्यात हरवते. हाड पोखरलं गेलंय का हे सीटी स्कॅनमध्ये चांगलं दिसतं. कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंड नीट चालतंय का हे सांगणारी क्रिएटिनिनची तपासणी लागते. आतड्याच्या ऑपरेशनमधले स्टेपल्स बहुतेक टायटॅनियमचे असतात, त्यामुळे एमआरआयला अडचण येत नाही. मात्र पेसमेकर किंवा किमोचा पोर्ट (किमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) असेल तर त्याचं कार्ड सोबत न्या.

आणि केसपेपर काढतानाच सांगा : "आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे." डोळ्याच्या दवाखान्यात पोटाच्या ऑपरेशनचा काय संबंध, असं वाटून बरेच जण हे सांगतच नाहीत. डोळ्याच्या डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही तरी फाइल त्यांच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न : पोटातला कॅन्सर डोळ्याच्या मागे पोचतो तरी कसा? मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.
— एक शिक्षिका, अलिबाग

उत्तर : रक्तातून. डोळ्याच्या मागच्या जागेत लसिकावाहिन्यांचं जाळं जवळजवळ नसतं, त्यामुळे तिथे पोचायला रक्तवाहिनी हाच मार्ग. मोठ्या आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून पहिलं ठाणं तिथे. यकृताच्या गाळणीतून सुटलेल्या पेशी हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात येतात. ही दुसरी गाळणी. तिच्यातूनही सुटल्या तर हृदयाच्या डाव्या बाजूने महारोहिणीत, मानेतल्या मोठ्या धमनीत आणि तिथून डोळ्याच्या धमनीत. म्हणून खोबणीत गाठ सापडते तेव्हा बहुतेकदा यकृतात किंवा फुप्फुसातही आजार असतो.

दोन आडवाटाही आहेत. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं रक्त यकृत टाळून थेट मोठ्या नीलेत जातं. आणि पाठीच्या कण्याभोवती झडपा नसलेल्या नीलांचं जाळं आहे, ज्याचं महत्त्व अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिलं. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की त्यात रक्त उलटं वर सरकू शकतं. यकृत आणि फुप्फुस स्वच्छ असूनही डोक्यात गाठ सापडते तेव्हा या वाटेचा विचार होतो.

खोबणीत पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यांत पुढे आहे; त्यानंतर फुप्फुस, प्रोस्टेट, त्वचेचा मेलानोमा. आतड्याचा नंबर बराच खाली लागतो. शिवाय बुबुळाच्या मागे, पडद्याखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरात पसरणं हे खोबणीत पसरण्यापेक्षा जास्त वेळा घडतं, कारण त्या थराला रक्तपुरवठा फार मोठा असतो. तिथली गाठ डोळा पुढे ढकलत नाही. नजर धूसर होते, सरळ रेषा वाकड्या दिसतात. ती बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावर दिसते.

प्रश्न : आईचा पेट स्कॅन चार महिन्यांपूर्वी "स्वच्छ" आला होता. आता डोळ्यामागे गाठ निघाली. मग स्कॅन चुकीचा होता का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तसं असेलच असं नाही. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी साखर टोचतात आणि ती जास्त शोषणारी जागा चमकते. नेहमीचा पेट स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत घेतात. बऱ्याच ठिकाणी खोबण त्या चौकटीच्या बाहेर राहते किंवा काठावर येते. खोबण आत आली तरी अडचण असते : मेंदू साखर भरपूर शोषतो, डोळे फिरवणारे स्नायूही शोषतात, त्या चकाकीत छोटी गाठ झाकली जाते. जुन्या रिपोर्टमध्ये कुठून कुठपर्यंत स्कॅन झाला ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

पुढच्या पेट स्कॅनच्या चिठ्ठीवर "दोन्ही डोळे धरून" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आधी किमान ४ ते ६ तास उपाशी राहायचं, पाणी चालतं. साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक केंद्रं तपासणी पुढे ढकलतात. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर आधीच विचारा, कारण त्या गोळीमुळे आतडं उगाच चमकतं आणि नेमकं आतड्यातलंच वाचन अवघड होतं. बऱ्याच ठिकाणी ती ४८ तास थांबवतात. मनाने मात्र थांबवू नका.

प्रश्न : डोळ्यामागच्या गाठीची बायोप्सी करायची म्हणतात. गाठीला सुई किंवा हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो असं घरातले वडीलधारे सांगतात. आधीचा रिपोर्ट असताना पुन्हा तुकडा कशाला?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सुई लागल्याने कॅन्सर चवताळतो ही भीती घराघरांत आहे, पण खोबणीतल्या या गाठीच्या बाबतीत तिच्यात तथ्य नाही. मुळात हा आजार रक्तातूनच आलेला असतो. तुकडा न घेता उपचार सुरू करण्याचा धोका त्याहून खूप मोठा आहे.

कारण आतड्याचा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या खोबणीत दुसरंही काही असू शकतं : लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), कारण न सापडणारी सूज, साधी गाठ किंवा जंतुसंसर्ग. प्रत्येकाचा उपचार वेगळा. इथे एक सापळा ठाऊक असावा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साधी सूज उतरते, तशी कॅन्सरभोवतीची सूजही काही दिवस उतरते, आणि लिम्फोमा तर चक्क आक्रसतो. "गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणजे कॅन्सर नव्हता" असा निष्कर्ष काढला जातो आणि दीड महिन्याने गाठ आणखी मोठी होऊन परत येते. दृष्टी तातडीच्या धोक्यात नसेल तर तुकडा आधी, स्टेरॉइड नंतर.

गाठ पुढच्या बाजूला असेल तर पापणीच्या घडीतून किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातून छोटी चीर देऊन तुकडा घेतात, व्रण सहसा दिसतही नाही. फार खोल असेल तर सीटी बघत सुईने. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कोणती, शेवटची कधी घेतली, हे सांगा. किमोसोबत बेव्हॅसिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) चालू असेल तर ते आवर्जून सांगा : त्या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून नियोजित शस्त्रक्रियेआधी साधारण चार आठवडे त्याचं अंतर ठेवतात. खोबणीत रक्त साचलं तर नजर जाऊ शकते, म्हणून ही बाब गंभीर आहे.

ऑपरेशन झालं त्या ठिकाणच्या पॅथॉलॉजी विभागातून जुन्या गाठीचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. नवा तुकडा आणि जुना ब्लॉक शेजारी ठेवून पाहिले की उत्तर पक्कं होतं. आतड्यातून आलेल्या पेशी विशेष रंगांच्या तपासणीत बहुधा सीके-२० आणि सीडीएक्स-२ या खुणांना पॉझिटिव्ह, सीके-७ ला निगेटिव्ह निघतात. फुप्फुसातून किंवा स्तनातून आलेल्यांचं चित्र वेगळं असतं. रक्तातलं सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं प्रथिन) वाढलेलं असेल तर संशयाला बळकटी मिळते, पण नॉर्मल सीईएने आजार नाही असं ठरत नाही.

यकृत-फुप्फुसात आजार आधीच सिद्ध आहे, खोबणीतलं चित्र अगदी जुळतं आहे आणि रुग्णाला भूल झेपणार नाही, अशा वेळी डॉक्टर बायोप्सी टाळतात, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न : बाबांना डोळ्याच्या मागे लाईट (रेडिएशन) द्यायची ठरलीय. १० दिवस म्हणाले. डोळा भाजेल का? नजर जाईल का? त्यापेक्षा डोळाच काढून टाकला तर?
— एक वाचक, पणजी

उत्तर : डोळा काढण्याची गरज बहुतेक कधीच पडत नाही. आजार रक्तातून आलेला आहे. खोबण रिकामी केली तरी तो जात नाही, उलट असलेली नजर आणि चेहरा दोन्ही गमावले जातात. फार क्वचित, असह्य वेदना किंवा जखम उघडी पडलेली असताना आणि दुसरं काही चालत नसताना तो विचार होतो.

१० दिवसांचा कोर्स म्हणजे बहुधा एकूण ३० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप), रोज ३ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. कमजोर रुग्णाला ५ दिवसांत २० ग्रे देतात. आधी चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी कोमट करून बसवतात. ती घट्ट होऊन मुखवटा तयार होतो, म्हणजे रोज डोकं त्याच जागी राहतं. मग सीटी स्कॅन करून आखणी. प्रत्यक्ष लाईट काही मिनिटांची असते, दुखत नाही, गरम लागत नाही. बंद जागेची भीती असेल तर मुखवट्याच्या दिवशीच सांगा, डोळ्यांपुढची जाळी कापून मोकळी करता येते.

पहिल्या काही दिवसांत सूज किंचित वाढू शकते, म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचं. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. मधुमेह असेल तर साखर रोज तपासा, ती हमखास वाढते. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणा. त्या बाजूच्या भुवईचे, पापण्यांचे केस गळतात, डोळा लाल आणि कोरडा होतो. मोतीबिंदू झालाच तर पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी होतो आणि त्याचं ऑपरेशन करता येतं. पडद्याला आणि मुख्य नसेला गंभीर इजा साधारण ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जास्त होते. ३० ग्रेला ती शक्यता कमी आहे, मधुमेहींमध्ये थोडी अधिक.

वेदना सहसा आधी कमी होतात. डोळा मागे सरकायला काही आठवडे लागतात, तेव्हा दहाव्या दिवशी आरशात फरक दिसला नाही तर खचू नका. नजर नुकती कमी झाली असेल तर परत येण्याची आशा चांगली. पूर्ण अंधार होऊन आठवडे उलटले असतील तर ती फार थोडी. म्हणूनच नजर झपाट्याने उतरत असेल तर तारखेची वाट न बघता फोन करा.

प्रश्न : चौथी स्टेज म्हणतात. मग उपचाराला काही अर्थ आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आहे. खोबणीत पसरल्यावर आजार मुळापासून जाणं बहुतेकांच्या बाबतीत शक्य नसतं, हे स्वच्छ सांगायला हवं. खोबणीत पसरलेल्या सगळ्या प्रकारच्या कॅन्सरचा एकत्र विचार केला तर निम्मे रुग्ण साधारण दीड वर्षाच्या आसपास हयात असल्याचं नोंदलं गेलं आहे. आतड्याच्या कॅन्सरचे असे रुग्ण इतके थोडे आहेत की वेगळा भरवशाचा आकडा काढता येत नाही. बाकीचा आजार किती आहे आणि रुग्ण हिंडता-फिरता आहे का, यावर बरंच ठरतं.

पण हातात औषधं आहेत, आणि कोणतं चालेल हे गाठीच्या तपासणीवरून कळतं. म्हणून आरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या गाठीतल्या जनुकीय बदलांच्या तपासण्या झाल्यात का ते विचारा. जवळपास निम्म्या रुग्णांत आरएएसमध्ये बदल सापडतो. त्यांना सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब या औषधांचा उपयोग होत नाही, खर्च मात्र होतो. बदल नसेल आणि मूळ गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला असेल तर त्यांचा चांगला उपयोग होतो. एमएसआय-हाय (गाठीच्या पेशींत जनुकांतल्या चुका दुरुस्त होत नाहीत असे) निघणारे रुग्ण चौथ्या स्टेजमध्ये १०० पैकी चार-पाचच, पण त्यांच्यात पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं औषध) दीर्घकाळ आजार आटोक्यात ठेवू शकते. चार-पाच जणांसाठीही ही तपासणी टाळू नये असं आमचं ठाम मत आहे.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो आणि लाईट दोन्ही बसतात, मात्र रुग्णालय योजनेतलं हवं आणि मंजुरी आधी हवी. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन तिथल्या आरोग्यमित्रांना भेटा. कोणती तपासणी, कोणतं महागडं औषध बसत नाही, तेही त्यांच्याकडून आधीच विचारून घ्या.

प्रश्न : सासूबाईंचा डोळा इतका पुढे आलाय की झोपेतही मिटत नाही. आम्ही खेड्यात राहतो. घरी काय करायचं?
— एक वाचक, ता. पाथर्डी

उत्तर : न मिटणारा डोळा वाळतो, बुबुळावर ओरखडा पडतो, त्यात जंतू शिरतात आणि फूल पडतं. मागची गाठ आटोक्यात येऊनही नजर या कारणाने जाऊ शकते. हे घरच्यांच्या हातात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवसा कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचे ०.५ किंवा १ टक्क्याचे थेंब, जागेपणी दर एक-दोन तासांनी एक थेंब. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, नाहीतर औषधातलं रसायनच डोळ्याला झोंबतं. रात्री खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं वंगणाचं मलम. मग बोटाने वरची पापणी हळूच खाली आणून कागदी चिकटपट्टीने आडवी चिकटवा. पापणी पूर्ण मिटली आहे याची खात्री करा. अर्धवट मिटलेल्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवू नका, ती बुबुळावरच घासते. पापणी मिटतच नसेल तर स्वयंपाकघरातली पारदर्शक पातळ फिल्म डोळ्याच्या मोठ्या चौकटीवर, भुवईपासून गालापर्यंत बसवून कडांना चिकटपट्टी लावा. आत दमटपणा टिकतो. उशी उंच, डोकं साधारण ३० अंश वर, म्हणजे सकाळची सूज कमी राहते. पंख्याचा झोत आणि चुलीचा धूर तोंडावर नको. मध, तूप, गुलाबपाणी, आईचं दूध, कुठलाही पाला डोळ्यात घालू नका.

दुहेरी दिसत असेल तर चष्म्याच्या एका काचेवर दुधी चिकटपट्टी लावा. जिना उतरताना, विहिरीवर, चुलीपाशी सोबत कुणीतरी असू द्या.

बुबुळावर पांढरा ठिपका, अचानक वाढलेली वेदना, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. किमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला किंवा पापणी लालबुंद सुजली तर तीही तातडीची बाब. स्टेरॉइड चालू आहे, साखर वाढलेली आहे, आणि गाल बधिर, नाकातून काळपट स्राव असं झालं तर म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) विचार आधी हवा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने तो आजार फार जवळून पाहिला. तो आठवड्यांत नाही, दिवसांत पसरतो.

प्रश्न : मला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. दोन्ही डोळ्यांतून सतत पाणी येतं. पसरला असेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : डोळे पुढे आलेले नाहीत, दुहेरी दिसत नाही आणि त्रास दोन्हीकडे सारखा आहे, तर शक्यता औषधाचीच जास्त. ५-एफयू हे किमोचं औषध आणि त्याच घराण्यातलं कॅपेसिटाबिन अश्रूंतून बाहेर पडतं, पृष्ठभागाला झोंबतं, आणि अश्रू नाकात नेणारी बारीक नळी कधी कधी आवळून टाकते. महिनोन् महिने दुर्लक्ष केलं तर ती कायमची बंद होते, म्हणून नेत्रतज्ज्ञांना आत्ताच दाखवा. गरज पडल्यास नळीत सिलिकॉनची बारीक ट्यूब घालता येते. सेटुक्सिमॅबने पापण्यांचे केस लांब वाढून आत वळतात आणि बुबुळाला टोचतात. ते नेत्रतज्ज्ञांकडून कापून घ्या.

प्रश्न : माझं ऑपरेशन होऊन एक वर्ष झालं. दरवर्षी डोळ्यांचा एमआरआय करून घेऊ का? आणि माझ्या भावंडांनी काय करावं?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : त्रास नसताना डोळ्यांचा एमआरआय नको. नेहमीचा पाठपुरावा चुकवू नका : पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि सीईए, नंतर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर ६ महिन्यांनी, छाती-पोटाचा सीटी तुमच्या स्टेजप्रमाणे. आतड्याची दुर्बिणीची तपासणी (कोलोनोस्कोपी) ऑपरेशननंतर एका वर्षाने, म्हणजे तुमची आत्ताच आहे.

सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा तुम्हाला ज्या वयात निदान झालं त्याच्या १० वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा दुर्बिणीने आतडं तपासून घ्यावं. तुमच्या गाठीचा एमएसआय रिपोर्ट हाय असेल तर आनुवंशिक दोषाची तपासणीही विचारून घ्या; तो सापडला तर त्यांची तपासणी याहून लवकर सुरू होते आणि जास्त वेळा करावी लागते. आणि त्यांच्यापैकी कुणाला शौचातून रक्त जात असेल तर वयाची वाट न बघता, मूळव्याध समजून औषधं घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.